अंड्याचा कागद

अंडीवाल्या काकूंना कुणाच्या घरात काय चाललंय हे कधी विचारावं लागत नसे. सकाळी टोपली कडेवर घेऊन त्या गल्लीत शिरल्या की उंबरठ्यापासून मोरीपर्यंतचं सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. कुणाकडे पाहुणे मुक्काम ठोकून बसलेत ते अंडी किती घेतली यावरून कळायचं, आणि कुणाकडे नवराबायकोचं वाजलंय ते दार किती उघडलं यावरून. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार! पण पोटात कपट नव्हतं. कुणाचं दुखलंखुपलं कानावर आलं की काकू टोपली तिथेच ठेवून आधी कामाला लागायच्या आणि मग चौकशा करायच्या.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गल्लीच्या टोकाला माडीवर राहणारे तसबीरवाले. म्हातारा एकटा जीव, अंगावर मूठभर मांस नाही, आणि अंडी मात्र टोपलीभर लागायची.

"एवढी अंडी जातात कुठे हो? अंगाला तर एकही लागलेलं दिसत नाही," असं काकूंनी अगदी सुरुवातीलाच विचारून घेतलं होतं.

"मी अंडं तोंडात घालत नाही, बाई," तसबीरवाले म्हणाले होते. "मला नुसतं पांढरं लागतं. ते कागदाला पाजतो."

आता हे नीट समजून घेतल्याशिवाय माडी उतरतील तर त्या काकू कसल्या! मग त्यांनी सगळं बघितलं. अंड्यातलं पांढरं वेगळं काढायचं, मीठ घालून फेस येईपर्यंत घुसळायचं, निवळू द्यायचं, गाळायचं. त्याच्यावर कागद अलगद तरंगत ठेवायचा. कागद वाळला की त्याला अशी तुकतुकी यायची, की बोट फिरवलं तर तान्ह्या बाळाच्या गालावरून फिरवल्यासारखं वाटावं. मग अंधाऱ्या खोलीत त्याला चांदीचं पाणी द्यायचं, काचेवर काढलेल्या उलट्या चित्राखाली तो चौकटीत घट्ट बसवायचा आणि चौकट गच्चीवर उन्हात ठेवायची. बाकी सगळं ऊन करायचं. बाजारात तयार कागद मिळायला लागून जमाना झाला होता, बाकीचे फोटोवाले ते वापरून मोकळे व्हायचे. पण तसबीरवाल्यांच्या काचा जुन्या पद्धतीच्या, गडद. "या काचांना उन्हाचाच कागद लागतो," म्हणायचे.

उरलेले पिवळे बलक गटारात जातात हे ऐकून मात्र काकूंचा जीव कळवळला. काकूंची धाकटी बहीण बेकरीवाल्याला दिलेली. बेकरी चार घरं सोडून. त्या दिवसापासून बलकाचं भांडं माडीवरून थेट बेकरीत जायला लागलं, आणि बेकरीवाल्याची बिस्किटं एकदम अशी खुसखुशीत झाली, की लोकांना वाटलं त्याने नवा कारागीर ठेवला.

तसबीरवाल्यांच्या भिंतींवर त्यांच्या आजोबांच्या हातच्या तसबिरी होत्या. कुठे टोप्या घातलेले गिरणीकामगार, कुठे खुर्चीवर एका कुशीवर कलून बसलेली जाड बाई, कुठे घोड्याचा लगाम धरलेला मोतद्दार. कागद कडेकडेने चहाच्या रंगाचा झालेला, पण मोतद्दाराच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. लांबलांबून माणसं भिंगं घेऊन त्या बघायला यायची.

"यातलं कुणी आहे का हो आता?" काकूंनी विचारलं होतं.

"माणसं गेली, काढणारा गेला, ज्या कोंबड्यांची अंडी होती त्याही गेल्या," म्हातारा हसला. "पांढरं तेवढं राहिलंय."

काकूंबरोबर कधीकधी ठमी असायची. धाकटीची मुलगी. गुबगुबीत, बडबडी, टोपलीला हात लावायची परवानगी नाही म्हणून टोपलीच्या कडीला धरून चालणारी. उवा झाल्या म्हणून तेव्हा तिचे केस पार कानाच्या वर कापले होते, त्यामुळे ती गल्लीभर "मी मुलगा झाले" असं सांगत सुटली होती. एकदा तसबीरवाल्यांनी तिला स्टुलावर बसवलं. "हलायचं नाही, हसायचं नाही, मी म्हणेपर्यंत श्वास पोटात." ठमीने दोन्ही मुठी गुडघ्यांवर दाबल्या, ओठ आवळून धरले, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. काच छान उतरली होती. तसबीरवाले म्हणाले, "सवडीने छापू. पोर काय पळून जातेय?"

पुढे ताप आला. डॉक्टर येऊन गेला, पुन्हा आला. आणि ठमी गेली.

धाकटी रडली नाही. ते सगळ्यांत वाईट. त्यातून ती पोटुशी, नुकतं दिसायला लागलेलं. बेकरीच्या भट्टीचं धुराडं त्यांच्या निजायच्या खोलीच्या भिंतीतून वर जायचं, त्यामुळे ती भिंत बारा महिने कोमट असे. ठमी त्याच भिंतीला पाठ चिकटवून झोपायची. धाकटी आता तिथे जाऊन बसायची. समोर ताट ठेवलं तर जेवायची, उचललं तर उचलू द्यायची. बोलायचं नाव नाही.

"ताई, तिला रडवा हो," बेकरीवाला काकूंना म्हणाला. पिठाने पांढरा झालेला तो आडदांड माणूस बोलताबोलता स्वतःच रडत होता. "काहीही करा. शिव्या द्या, मारा. पण रडवा. नाहीतर हीसुद्धा जाईल, आणि पोटातलंही."

काकू तडक माडीवर गेल्या.

"ती काच छापा," त्यांनी फर्मावलं. "आज."

"बाई, कागद संपलाय. नवा करायचा तर अंडी हवीत."

इथेच घोडं अडलं. कोंबड्यांचे ते पिसं गाळायचे दिवस. परसातल्या सगळ्या कोंबड्या उघड्यावाघड्या होऊन हिंडत होत्या, गावात कुठेच अंड्याचा पत्ता नाही. एक तेवढी खुडूक होऊन जुन्या अंड्यांवर बसलेली. काकूंच्या तोंडावर ते दिसलं असावं, कारण तसबीरवाले लगेच म्हणाले, "बसलेल्या कोंबडीखालचं मात्र नको हां. आजोबांचा दंडक आहे."

"का हो?"

"कागदाला डाग पडतात म्हणायचे. मला तरी दुसरं काही सांगितलं नाही."

काकू हो म्हणून उतरल्या. आणि परसात जाऊन सरळ खुडकीच्या पोटाखाली हात घातला. कोंबडी एरवी गरीब, पण त्या दिवशी तिने मनगटाचा लचका तोडला. अंडी हाताला चांगली ऊन लागत होती. बसून तीनचार दिवसच तर झालेत, काकूंनी मनाशी म्हटलं, आत अजून आहे काय? पाणीच. पांढरं ते पांढरं. माझी बहीण मरायला टेकलीय आणि मी कोंबडीचं बघू?

तसबीरवाल्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून अंडी फोडायला काकूच बसल्या. एकेक वाटीत फोडायचं, नजरेखालून घालायचं, मग मोठ्या भांड्यात. पहिलंच फोडलं आणि त्यांचा हात थबकला. पिवळ्यावर एक लालभडक कोळी बसला होता. बारीक बारीक तंगड्या पसरलेला. रक्ताच्या शिरा त्या, काकूंनी जन्मभर कोंबड्या पाळलेल्या, त्यांना काय माहीत नव्हतं? मधोमध मोहरीएवढा ठिपका. तो उडत होता. थांबत होता, आणि परत उडत होता.

"कसं आहे?" तसबीरवाल्यांनी पलीकडून विचारलं.

"स्वच्छ आहे," काकू म्हणाल्या. पांढरं त्यांनी अलगद निथळून घेतलं आणि पिवळं मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं. बेकरीत नाही पाठवलं. बाकीचीही सगळी तशीच निघाली. सगळी स्वच्छ आहेत, असं त्या दर वेळी म्हणत गेल्या.

कागद झाला तो असा, की तसबीरवाल्यांनी बोटांनी चाचपून मान डोलावली. "असा तुकतुकीत माझ्या हातून कधी उतरला नव्हता. काय घातलंत हो कोंबड्यांना?"

ऊन लख्ख होतं. चौकट गच्चीवर ठेवली आणि काकू शेजारी डोक्यावर ओला रुमाल टाकून बसून राहिल्या. चौकटीच्या पाठीला दोन फळ्या असतात. एक उघडून कागद अर्धाच दुमडून बघायचा, किती उतरलंय ते. तसबीरवाले मधूनमधून बघत आणि काकू त्यांच्या खांद्यावरून. आधी दोन मुठी आल्या. विटकरी रंगाच्या, धुकट. मग गुडघे. मग आवळलेले ओठ, आणि ते कापलेले केस. ऊन तिला आतून बाहेर ओढत असल्यासारखं. शेवटी ती सगळी आली तेव्हा काकूंना हुंदका आवरेना. मग सोन्याच्या पाण्यात घालून तसबीर जांभळट काळी केली, पक्कं करायच्या पाण्यातून काढली, धुऊन धुऊन वाळवली, आणि काचेच्या फ्रेममध्ये घालून काकूंनी ती स्वतः बेकरीत नेली.

धाकटीने तसबीर हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग तिच्या घशातून असा आवाज निघाला, की खाली भट्टीपाशी झोपलेला बेकरीवाला धडपडत वर आला. धाकटी रडत होती. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, आणि काकू भिंतीवर खिळा ठोकत होत्या. त्याच कोमट भिंतीवर, ठमीच्या जागेवर.

त्या रात्री काकू बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

सुरुवातीला सगळं बरं वाटलं. धाकटी बोलायला लागली. पण बोलायची ती तसबिरीबद्दलच. मग जेवण कमी झालं. मग काकूंच्या लक्षात आलं की ती खोलीतून हलतच नाही. भिंतीपाशी बसते, तसबीर खाली घेते, छातीशी धरते, वरून शाल ओढते. विचारलं तर म्हणायची, "तिला गार लागतं." गालफडं बसली, मनगटं काटकुळी झाली. आठवड्यांमागून आठवडे गेले, पण पोट होतं तेवढंच. सुईण येऊन चाचपून गेली आणि जाताना जिन्यात काकूंना हळूच म्हणाली, "वाढत नाहीये हो. हिला खायला घाला."

"घालतेच आहे की!"

"मग खातंय कोण?" असं म्हणून सुईण उतरून गेली. तिने ते सहज म्हटलं होतं. काकूंच्या मात्र ते डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू दूध घेऊन वर गेल्या. भर दुपारी बेकरीइतकी शांत जागा गावात दुसरी नसेल. रात्रभर राबलेली माणसं खाली पिठाच्या पोत्यांवर मेल्यासारखी झोपलेली. खमिराचा आंबूस वास, आणि त्या वासाखाली आणखी एक वास. ओल्या पिसांचा. काकूंनी नाक आक्रसलं. इथे कुठल्या कोंबड्या?

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. शाल पांघरलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

"ताई," ती खुशीत कुजबुजली, "हिची बट बघ ना."

शालीतून तिने तसबीर पुढे केली. काकूंनी खिडकीच्या उजेडाकडे धरून बघितली. दूध सांडलं ते त्यांना कळलंही नाही.

ठमीचे केस खांद्यावर आले होते.

चेहरा लांबट झाला होता. फ्रॉक दंडात रुतत होता. स्टूल तेच, मुठी त्याच, गुडघ्यांवर दाबलेल्या. पण गुडघे आता फ्रॉकखालून बरेच पुढे आले होते. ओठ अजून तसेच आवळलेले. म्हाताऱ्याने श्वास सोड म्हटलेलं तिने ऐकलंच नसावं जणू.

"काचेचा... उजेडाचा खेळ असेल गं," काकू कशाबशा म्हणाल्या.

"शू... ऐक."

काकूंनी ऐकलं. आधी काहीच नाही. मग, टक्.

मग बराच वेळ शांत. मग परत. टक्... टक्.

हा आवाज काकूंना कुणी शिकवायला नको होता. दर वर्षी त्या अंडं कानाला लावून तो ऐकायच्या. पिल्लू आतून चोच मारायला लागलं की असंच. फ्रेमची काच काकूंच्या बोटांखाली दर ठोक्याला किंचित थरथरत होती. आणि ती ऊन होती. भिंतीपासून आता चांगली लांब होती, तरीही अंगासारखी ऊन.

"आतून वाजवते," धाकटी म्हणाली. "आधी जोर नव्हता. आता आलाय."

"आणि... पोटातलं?" काकूंनी विचारलं. "ते हलतं ना गं?"

धाकटीने पोटावर हात ठेवला, दुसऱ्या कुणाच्या पोटावर ठेवावा तसा. "ते झोपलंय," ती म्हणाली. "बरेच दिवस झोपलंय. त्याला उठवू नकोस, ताई. सगळ्यांना पुरत नाही."

काकू जिना उतरल्या त्या कशा, त्यांनाच ठाऊक. माडीवर जाऊन त्यांनी तसबीरवाल्यांना सगळं सांगितलं. खुडूक कोंबडी, लाल कोळी, उडणारा ठिपका, सगळं. म्हातारा रागावेल असं वाटलं होतं. तो रागावला नाही. तो मटकन खाली बसला.

"म्हणजे डागांचं नव्हतंच ते," तो म्हणाला.

मग उठून काकूंना माडीखालच्या तळघरात घेऊन गेला. तिथे, ज्या कोपऱ्यात कधी ऊन पोहोचत नाही, त्या ओल्या दगडावर एक पत्र्याचा डबा होता. "आजोबांनी सांगून ठेवलं होतं, हा वर आणायचा नाही. मी एकदाच उघडलाय, पोरवयात. आज तुम्ही बघा. मला नीट दिसायचं नाही, तेच बरं."

आत एक तसबीर होती. अंड्याच्या कागदावरची, तुकतुकीत, काल काढल्यासारखी. गणवेशातला एक शिपाई. म्हणजे गणवेश शिपायाचा होता, बटणं तुटून उसवलेला. दाढी पोटाच्या खाली गेलेली. खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या बोटांची नखं वळून वळून चौकटीच्या कडेपर्यंत पोहोचलेली. डोळे मात्र कोवळे. घाबरलेले.

"काढला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं," तसबीरवाले म्हणाले. "लढाईवर जायच्या आधी काढून घेतला. परत आला नाही. बायको उशाशी घेऊन झोपायची म्हणे."

"मग? तिचं काय झालं?"

"फार दिवस नाही राहिली."

खुडूक कोंबडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. दाणा टाकला तरी उठत नाही, पाण्याला उठत नाही, छातीची पिसं स्वतःच उपटून टाकते, वाळून काटकी होते. कधीकधी तशीच बसल्या जागी मरते.

"जाळून टाकली तर?"

"आजोबांनी नाही जाळला," तो डब्याकडे न बघता म्हणाला. "जिवंत माणूस जाळायचा म्हणजे... त्यांनी गारव्याला ठेवला. गार पाडला. तुम्हाला मी काय सांगणार, बाई? नको असलेल्या अंड्याचं तुम्ही काय करता?"

काकूंना माहीत होतं ते काय करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बहिणीला दुधात झोपेचं औषध घालून दिलं, डॉक्टरने कधीकाळी दिलेलं. धाकटीचे डोळे मिटले तशी तिची बोटं एकेक करून फ्रेमवरून सोडवावी लागली. काकूंनी तसबीर चादरीत गुंडाळली आणि बेकरीमागच्या परसात आणली. तिथे दगडी हौद होता, शेवाळलेला, दाट झाडोऱ्याच्या सावलीत. भर उन्हाळ्यातही त्यातल्या पाण्याने दात वाजायचे.

चादरीतून आवाज येतच होता. टक्, टक्. आता जवळजवळ न थांबता. बाहेर यायची वेळ झालेल्या पिल्लाचा आवाज. अशा वेळी काकू कधी मध्ये पडत नसत. फोडायला मदतही करत नसत, अडवतही नसत. ज्याचं त्याला करू द्यायचं. हा त्यांचा नेम होता.

काकू हौदाच्या काठावर उभ्या राहिल्या. वर खिडकीत कुणी नव्हतं. गल्ली शांत. त्यांनी चादरीची एक घडी उकलली. मुद्दाम नाही, उगीच, सवयीने. बघितल्याशिवाय त्यांना राहवतच नसे. काचेमागे ठमी होती. मुठी गुडघ्यांवर नव्हत्या. एक हात वर आला होता, कागदाच्या आतल्या बाजूला टेकलेला, तळवा पसरून. आणि ती काकूंकडे बघत होती. ओळखून.

"ठमे..." काकू म्हणाल्या.

टक्.

"ठमे, तुझी आई मरेल गं. आणि ते आतलं... ते तुझंच भावंड आहे ना..."

टक्, टक्, टक्.

काकूंनी चादर झाकली आणि गाठोडं पाण्यात घातलं.

बुडबुडे आले. गारवा कोपरापर्यंत चढला. तळहाताला ओल्या चादरीतून धक्का लागला, छोटासा, जसा झोपेतून उठवलेलं पोर ढकलतं तसा. मग जोरात. मग दोन हातांनी. काकूंनी दोन्ही हातांनी दाबून धरलं. डोळे मिटून घेतले. "झोप गं," त्या म्हणत राहिल्या. "झोप माझी बाय. झोप... झाली झाली, आता झालीच..." पाण्याखालून येणारा आवाज विरळ झाला. टक्. मग नखाने ओरखडल्यासारखं काहीतरी. मग बराच वेळ काहीच नाही. मग अगदी हळू, विचारल्यासारखं एकदाच. टक्?

त्यानंतर नाही.

काकू संध्याकाळपर्यंत तशाच धरून बसल्या होत्या. पुन्हा त्यांनी चादर उकलली नाही. गाठोडं तसंच ओलं तसबीरवाल्यांकडे दिलं. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं, मान हलवली आणि तळघरात घेऊन गेले.

धाकटी उठली ती भूक भूक करत. बेकरीवाल्याने गरम पाव आणला, तिने तो उभ्याउभ्या खाल्ला, आणि तिसऱ्या घासाला पोट धरून खाली बसली. "ताई! लाथ मारली गं!" हसत होती, रडत होती. बेकरीवाला खुळ्यासारखा तिच्या पोटाला कान लावून बसला, तर सगळ्या कारागिरांनी वर येऊन त्याची टिंगल केली. तसबीर खिळ्यावरून पडून फुटली, दुरुस्तीला दिलीय, असं सांगायचं काकूंनी ठरवून ठेवलं होतं. पण धाकटीने विचारलंच नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही कधी नाही.

दिवस भरले तेव्हा मुलगी झाली. चांगली वजनदार. सुईण म्हणाली, पोटाकडे बघून वाटलं नव्हतं हो. बेकरीवाल्याने गल्लीत बिस्किटं वाटली, काकूंनी घरोघर जाऊन बाळाचं नाक कुणासारखं ते सांगितलं. पहिल्या आंघोळीचा मान अर्थात मावशीचा. काकू पाट मांडून बसल्या, बंबातलं कढत पाणी पितळी घंगाळात ओतलं, विसण घातलं, कोपर बुडवून बघितलं. बेताचं ऊन. बाळाला मानेखाली हात देऊन अलगद आत धरलं. साबणाला हात घातला. बाळ शांत होतं. ओठ मिटून, काकूंकडे टक लावून.

साबण लावून होतो न होतो तोच काकूंचा हात पाण्यातून मागे आला. पाणी गार पडलं होतं. त्यांनी बंबातलं आणखी ओतलं, चांगली वाफ निघाली, आणि बघताबघता वाफ विरली. परत ओतलं. पितळेला बाहेरून घाम फुटला. हौदाच्या पाण्यासारखं, कोपरापर्यंत चढणारं गार पाणी, आणि बाळ त्यात न रडता पडलेलं. त्याने इवला तळवा पसरला आणि काकूंच्या तळहाताला टेकवून ढकलला. हळूच. खेळल्यासारखा.

"ताई," आतल्या खोलीतून धाकटीने हाक मारली. आवाज शांत होता, अगदी सहज. "पाणी गार नाही ना गं?"

काकूंचे दात एकमेकांवर आपटत होते. त्यांनी ते घट्ट आवळून धरले.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "छान कोमट आहे."